चांगले जंतू

अंजनी मधाळेला लघवीच्या वासाची शिसारी होती आणि तिचं सगळं काम लघवीचंच होतं.

बेळगावच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात, जंतुशास्त्राच्या विभागात ती डेमॉन्स्ट्रेटर होती. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की टेबलावर बाटल्या मांडलेल्याच असायच्या. हॉस्पिटलातून दिलेल्या धुतलेल्या बाटल्या थोड्या, बाकी सगळ्या पेशंटांनी घरून आणलेल्या. खोबरेल तेलाची, खोकल्याच्या औषधाची, एकदा तर लोणच्याची बरणी, आत तेलाचा तवंग तसाच. कुणी बुचाऐवजी कागदाचा बोळा कोंबलेला, तो भिजून पिवळा पडलेला. अंजनी तोंडानं श्वास घ्यायची. एवढ्या दिवसांत तिला सवय झाली असेल असं सगळ्यांना वाटायचं. सवय काही झाली नव्हती. संध्याकाळी कॅम्पातल्या भाड्याच्या खोलीवर गेली की ती कोपरापर्यंत हात घासायची, आणि तरीही जेवताना घास नाकापाशी आला की तिचा हात थबकायचा.

ती मूळची निपाणीची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. वडील लवकर गेले. आई सोनुबाई भीमाप्पा अण्णांच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. त्या पैशांत तिनं मुलीला धारवाडला एम. एस्सी. पर्यंत नेलं. मुलगी कमवायला लागली तरी सोनुबाईनं वखार सोडली नव्हती. "घरात बसून काय भित्ती बघू?" म्हणायची.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात विभागप्रमुख डॉ. मारुतीराव हलगेकर एक परदेशी मासिक घेऊन अंजनीच्या टेबलापाशी आले.

"मधाळे, हे वाचा. कॅनडातल्या काही डॉक्टरांनी एक गंमत पाहिलीय. ज्या बायकांना वरचेवर उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, त्यांच्या अंगात एक जंतू कमी दिसतो, आणि ज्यांना कधीच त्रास नाही त्यांच्यात तो भरपूर. लॅक्टोबॅसिलस. दह्यातल्या जंतूचा चुलतभाऊच म्हणा. तो तिथे आधीच ठाण मांडून बसतो, म्हणून उन्हाळी लावणाऱ्या ई. कोलाय जंतूला जागा मिळत नाही."

"म्हणजे औषधानं मारण्याऐवजी चांगला जंतूच पाठवायचा?"

"तेच. आपण करून बघू."

अंजनी कामाला लागली. बाळंतपणाच्या वॉर्डातून, नर्सेसच्या वसतिगृहातून, ज्यांना कधी जळजळ माहीत नाही अशा बायकांचे नमुने तिनं मिळवले. एकेकीतून जंतू वेगळा काढायचा, बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवायचं म्हणजे आतली हवा त्याला मानवते, मग तो वाढला की त्याची एक जाड रेघ काचेच्या ताटलीत मधोमध ओढायची. दुसऱ्या दिवशी पेशंटच्या लघवीतून काढलेल्या ई. कोलायच्या रेघा तिला आडव्या टेकवायच्या. बहुतेक ताटल्यांत काही घडायचं नाही. ई. कोलाय बेधडक वाढायचा आणि झाकण उचललं की तुंबलेल्या गटारासारखा भपकारा यायचा.

मग वडगावच्या एका विणकर बाईचा नमुना आला. गंगव्वा तिचं नाव. पाच लेकरं झाली तरी मला असलं काही झालेलं नाही, असं तिनं कानडीत ठासून सांगितलं होतं. तिच्या जंतूच्या रेघेपाशी ई. कोलाय आलाच नाही. बोटभर अंतरावर त्याच्या रेघा तुटल्यासारख्या थांबल्या होत्या, मधे ताटलीतला आगरचा थर स्वच्छ. अंजनीनं झाकण उचललं. आंबूस वास आला, नुकत्या घुसळलेल्या ताकासारखा. तिनं चक्क नाकानं श्वास घेतला आणि तशीच मारुतीरावांच्या खोलीत धावत गेली. त्या दिवसापासून ती दोघं त्या जंतूला 'वडगाव' म्हणायला लागली.

"आता माणसांत बघायला हवं," मारुतीराव म्हणाले. "तुमची आई निपाणीत वखारीत आहे ना? तिथल्या बायकांना हा त्रास घरोघरी असतो. भीमाप्पा अण्णा माझ्या चांगल्या ओळखीचे. मी बोलतो."

अंजनीच्या मनात ते नव्हतं. वखारीचा खकाणा, तो तंबाखूचा नाक झोंबवणारा धुरळा, तिनं लहानपणभर आईच्या केसांत, अंथरुणात, भाकरीत सोसला होता. पण 'वडगाव'चा मोह मोठा होता. ती हो म्हणाली.

दुधात वाढवलेले जंतू तिनं जिलेटिनच्या छोट्या कॅप्सुलांत भरले, बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवले आणि थर्मास मांडीवर धरून शनिवारच्या बसनं निपाणीला आली. सोनुबाईच्या अंगणात वखारीतल्या बायका जमल्या. आधी औषधानं जुनी उन्हाळी पुरती बरी करायची, मग ही कॅप्सूल गिळायची नाही, खालून आत ठेवायची, असं तिनं समजावलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला.

यल्लव्वा मात्र सरळ बोलली. तिशीतली, उंच, आवाजानं अख्खी वखार भरून टाकणारी बाई.

"ताई, जंतू मारायला गोळ्या खाऊन आमचं त्वांड कडू झालंय, आन तू जंतूच घालाय आलीस व्हय? दुसऱ्या बाईच्या अंगातलं? शी!"

"दुधाला विरजण लावतीस न्हवं?" अंजनी तिच्याच बोलीत उतरली. "इरजण चांगलं लागलं की त्यात दुसरं कायबी माजत न्हाय. तसंच हाय. आधी चांगल्याला बसवायचं, म्हंजे वंगाळ येत न्हाय."

"आन कुणाचं म्हनं हे इरजण?"

"वडगावच्या एका बाईचं. साडी विणती."

"बरी हाय न्हवं बाई? आंघुळ-बिंघुळ करती न्हवं?" यल्लव्वानं विचारलं, आणि सगळ्या हसल्या. हसता हसता तिनंच पहिली कॅप्सूल घेतली.

सुरुवात चांगली झाली. अंजनी दर शनिवारी यायची, बाटल्या घेऊन रविवारी परत जायची. बसमध्ये पिशवी पायांत धरून बसताना ती तोंड खिडकीबाहेर धरायची, पण ताटल्या स्वच्छ निघत होत्या. 'वडगाव' बायकांच्या अंगात टिकत होता. मारुतीरावांनी बंगळूरच्या एका परिषदेला निबंधाचं नावही कळवून टाकलं.

आणि मग एकेकीला पुन्हा उन्हाळी लागायला लागली. आधी तुरळक, नंतर निम्म्याहून जास्त जणींना. यल्लव्वाला तर थंडी वाजून ताप भरला, कमरेत कुणी सुरी खुपसावी तशी कळ यायला लागली. दवाखान्यात सलाईन लावून ती पडली होती तेव्हा अंजनी तिच्या उशाशी जाऊन बसली. यल्लव्वाचे ओठ फुटून त्यांना पापुद्रे आले होते.

"दिवसात पाणी किती पितीस?"

"पाणी?" यल्लव्वानं डोळे उघडले. "सकाळी च्या पितो. मग घरला गेल्यावर पितो."

"आणि मधी?"

"मधी पाणी पिऊन काय करू? पाणी पिलं की जावं लागतंय." तिनं जिभेनं ओठ ओले केले. "तुझी आई न्हाय सांगिटली व्हय कुठं जातोय आमी? जाऊन बघ एकदा. नाक धरून जा."

अंजनी त्याच दुपारी गेली. सोनुबाईनं आधी नको म्हटलं, मग पुढं झाली. वखारीच्या मागच्या भिंतीला लागून एक बोळ होता आणि बोळाच्या तोंडाशी गावातल्या कचऱ्याचा ढीग. भिंतीकडेनं काळं, हिरवट पाणी साचून राहिलं होतं. त्यात कोंबड्यांची पिसं, चिंध्या, विडीची थोटकं. पाय ठेवायला विटा टाकलेल्या होत्या, त्या विटांवरही घाण होती. एक डुक्कर तोंड खुपसून काही तरी चघळत होतं आणि माणसं आली तरी हललं नाही. माशांचा असा काही थर होता की आधी जमीनच हलतेय असं वाटलं.

"अशी बस," सोनुबाई म्हणाली आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून तिच्यापुढं धरला. "दोघी दोघी येतोय. एकीनं धरायचं, एकीनं बसायचं. पानी न्हाय हितं. हात तसंच, खकाण्याचं. लई झोंबतंय."

पलीकडच्या हॉटेलाच्या मागच्या दारात तीन-चार पुरुष चहाचे ग्लास घेऊन उभे होते. हे त्यांचं रोजचंच असावं. त्यातल्या एकानं शीळ घातली. दुसरा म्हणाला, "आज नवीन पाव्हनी आलीया," आणि ग्लासात फुंकर मारून चहाचा घोट घेतला.

अंजनी बसली नाही. भिंतीला हात टेकून ती ओकली. हात चिकट झाला म्हणून काढला आणि पुन्हा ओकली. एवढी वर्षं बाटल्यांतून जी घाण तिच्या टेबलावर येत होती, तिला ती बायकांच्या अंगातली घाण समजत आली होती. ती इथून येत होती. दिवसभर तुंबवून धरलेल्या लघवीत ई. कोलाय वाढत होता, आणि गंगव्वाच्या अंगातला तो गुणी जंतू बिचारा किती पुरा पडणार?

सोमवारी तिनं हे सगळं मारुतीरावांना सांगितलं. त्यांनी ऐकताना चेहरा वाकडा केला.

"भयंकर आहे, मान्य. पण मधाळे, आपला विषय जंतू आहे. संडास हा आपला विषय नाही. निबंधात आपण ताटलीतले निकाल देऊ. आणि पहिल्या आठवड्यांचे."

"आणि नंतरचे?"

"ते अजून चालू आहेत असं म्हणू."

पुढच्याच शनिवारी भीमाप्पा अण्णांनी मारुतीरावांना वखारीवर बोलावलं. अंजनीही सोबत होती. अण्णांचं ऑफिस वखारीच्या पुढच्या अंगाला, गाद्या-तक्क्यांचं. पेढ्यांचा बॉक्स उघडून ठेवला होता. अण्णा जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ, गालात तंबाखूची गोळी. बायकांची काळजी आपल्याला आपल्या लेकींसारखी आहे, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळीची कीर्ती ऐकली. लई मोठं काम केलंसा. ह्या बायका गेलं वरीसभर माझ्या मागं लागल्यात, संडास बांधा, पाण्याची टाकी बांधा. मी म्हटलं, अवो, चाळणीवरनं बाई एकदा उठली की निम्मा वखुत गेला. आता तुमची गोळी हाय म्हटल्यावर प्रश्नच मिटला की. गोळी ठेवली की दिवसभर थांबाय हरकत न्हाय. उन्हाळी लागायची न्हाय, उठायला नको. गोळ्यांचा सगळा खर्च मी करतो. तुमच्या लॅबला मशीन पायजे आसंल तर तेबी सांगा."

अंजनीनं मारुतीरावांकडं पाहिलं. आता ते सांगतील असं तिला खरोखर वाटलं. मारुतीरावांनी पेढा तोंडात टाकला, बोटाला चिकटलेला खवा जिभेनं टिपून घेतला आणि म्हणाले, "तसं... बघू या. दिशा आशादायक आहे."

ते ओलं बोट, तो गालातला पेढा, अण्णांच्या दातांवरचा तांबूस थर. मागच्या बोळात आली होती तशीच ओकारी अंजनीच्या घशाशी आली. तिनं ती गिळली.

"अण्णा, मला जरा मागं जायचंय," ती म्हणाली.

"व्हय व्हय, का न्हाय!" अण्णांनी तत्परतेनं किल्ली काढून दिली. ऑफिसच्या मागं त्यांचा स्वतःचा संडास होता. पांढऱ्या फरशा, नळ, कोपऱ्यात साबण. अंजनीनं दार उघडून ते सताड ठेवलं. मग ती मधल्या दारानं थेट वखारीत गेली. चाळण्या चालू होत्या, धुरळ्यात बायकांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या.

"ज्यांना जायचंय त्यांनी या," ती मोठ्यानं म्हणाली. "अण्णांनी किल्ली दिलीय."

चाळण्या थांबल्या. कुणीच उठलं नाही. मग सोनुबाई गुडघ्यांवर हात देऊन उभी राहिली. लेकीच्या बाजूनं ऑफिसात शिरली, अण्णांच्या गादीपुढून, पेढ्यांपुढून चालत गेली आणि आत जाऊन दार लावलं. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग यल्लव्वा आली, अजून अशक्तच होती, भिंतीला धरून. मग एकेक करत रांगच लागली. खकाण्यानं माखलेली पावलं पांढऱ्या फरशांवर उमटत गेली.

"अगं, अगं! पाय बघा! कुठं शिरताय?" अण्णा उठून उभे राहिले. त्यांनी उपरण्याचा शेव नाकाला लावला. "माझ्या घरची माणसं जात्यात तिथं! किती घाण ही! शी शी शी!"

यल्लव्वा दारातून बाहेर येत होती. हातांवरून पाणी निथळत होतं. ती थांबली.

"अण्णा, ह्याच हातानं चाळल्याली तंबाखू आत्ता तुमच्या गालात हाय. तिची न्हाय व्हय किळस वाटत?"

अण्णा खिडकीपाशी गेले आणि थुंकले. मारुतीराव रुमाल काढून चष्मा पुसत बसले होते, काच स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

दुसऱ्या दिवसापासून संडासाला नवं कुलूप आलं. बायकांनी काही गलका केला नाही. ज्या वेळी जिला जावंसं वाटेल त्या वेळी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची, अण्णांच्या तोंडाकडं बघत. पाव्हणे बसलेले असले तरी. कधी दोघी, कधी दहा जणी. तंबाखूचे व्यापारी अवघडून चहा अर्धा टाकून उठायला लागले. पावसाळा संपता संपता वखारीच्या अंगणात पायखान्यासाठी खड्डा खणायला गवंडी आले.

दोन खोल्या झाल्या, पत्र्याची दारं, बाजूला पाण्याची टाकी. आता साफ कुणी करायचं हा प्रश्न आला. अण्णांनी सोनुबाईला आणि अंजनीला बोलावलं.

"संडास तर झाला तुमच्या मनासारखा," ते म्हणाले. "आता साफसफाईला तुमच्यातलंच कुणीतरी बघा की, सोनुबाई. तुमाला काय, सवय आसती."

अंजनी तिरीमिरीत एक पाऊल पुढं झाली. घाण म्हणजे नेमकं काय, हे तिला आता या माणसाच्या तोंडावर सांगायचं होतं. सोनुबाईनं मात्र आवाज चढवला नाही.

"आमच्यातलं आता ते काम कोन करत न्हाय, अण्णा. तुमच्यातलं कोन मिळतंय का बघा. पगार देऊन."

आणि ती वळून चाळणीवर जाऊन बसली.

पगार देऊन माणूस ठेवायला अण्णांनी बराच वेळ लावला. तोवर दोन्ही खोल्या तुंबल्या, वास चाळणीपर्यंत आला. काही बायका पुन्हा बोळात जायला लागल्या. शेवटी यल्लव्वानं बादली उचलली. ती सोनुबाईच्या वस्तीतली नव्हती, आणि तिनं बादली उचलली म्हणून तिच्या भावकीतल्या दोघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तरी साफसफाईच्या पाळ्या लागल्या. ज्यांनी पाळी नाकारली त्यांना कुणी अडवलं नाही, पण त्या आत जाताना सगळ्या बघायच्या. फिनेलचे पैसे अण्णांनी दिले. पगारी माणूस दिवाळीनंतर आला.

मारुतीरावांचा निबंध बंगळूरला गाजला. त्यात ताटलीतली स्वच्छ जागा होती, गंगव्वाच्या जंतूचा फोटो होता आणि पहिल्या आठवड्यांचे आकडे होते. अंजनीनं आपलं नाव काढून टाकायला लावलं होतं. मारुतीराव दुखावले. "एवढी मेहनत केलीत, वेड्या आहात," म्हणाले. पुढं त्या दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं.

ती मात्र शनिवारी निपाणीला जात राहिली. बायका आता दुपारी पाणी पीत होत्या, हात धूत होत्या. तिनं निम्म्या जणींना कॅप्सुला दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. उन्हाळी दोन्हीकडं कमी झाली. कॅप्सूलवाल्यांत जरा जास्त कमी झाली असावी असं तिला वाटायचं, पण बायका थोड्या आणि फरक थोडा. तो गंगव्वाच्या जंतूचा गुण की टाकीतल्या पाण्याचा, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. तिनं तसंच लिहून ठेवलं. खात्रीनं सांगायला पुष्कळ बायका लागतील, आणि जिथं आधीपासून पाणी आणि आडोसा आहे अशी जागा.

हिवाळ्यात एकदा ती वखारीवर गेली तर बायका संडासापुढं घोळका करून उभ्या. भिंतीत संगमरवराची नवी पाटी बसवली होती, वर कानडी, खाली मराठी.

"ताई, काय लिवलंय गं?" यल्लव्वानं विचारलं.

अंजनीनं वाचून दाखवलं. भीमाप्पा अण्णांनी आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ, कामगार भगिनींच्या सेवेसाठी, हे बांधून दिलं होतं.

मग यल्लव्वा खदखदून हसली, पोट धरून, पत्र्याच्या दाराला टेकून. "म्हातारीच्या नावानं!" तिला बोलवेना. सोनुबाईनं तिला दटावलं.

"हसू नगं. म्हातारी चांगली हुती. ताक द्यायची मला."

अंजनीला हसू आलं नाही. तिनं त्या गुळगुळीत पांढऱ्या दगडावरून बोट फिरवलं. सोनेरी अक्षरांचा रंग अजून ओला होता, तो बोटाला लागला. टाकीपाशी जाऊन तिनं बोट घासलं, साबण लावून पुन्हा घासलं. मग बाटल्यांची पिशवी उचलली आणि बायकांना म्हणाली, "चला, कुणाची राहिलीय?"